कोळसा, रंगखडू आणि दिल्लीचे स्थिरचित्र

चित्रकलेच्या दरबारात प्रत्येक विषयाला आपापले आसन असते. देवदेवता आणि वीरपुरुष यांची चित्रे सिंहासनाशेजारी, राजेरजवाड्यांची व्यक्तिचित्रे त्यांच्या खालोखाल, मग निसर्गदृश्ये, आणि अगदी दाराजवळ, जवळजवळ उंबरठ्यावर, एका मेजावर मांडलेला तांब्या, एक सुरई, दोन पेरू आणि मागे सोडलेला कापडाचा पडदा. ही उतरंड केवळ कल्पनेतली नाही. सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजाश्रित कला-अकादमीने ती रीतसर घालून दिली होती आणि तीत निर्जीव वस्तूंच्या चित्राला सर्वांत खालची पायरी दिली होती. दिल्लीसारख्या राजधानीच्या शहरात तर ही उतरंड अधिकच स्वाभाविक वाटावी. तख्त, किल्ले, मकबरे आणि मिरवणुका यांची ज्या नगरीला शतकानुशतके सवय, तिला तांब्या-पेरूचे काय कौतुक? आणि तरीही गेल्या शतकात दिल्लीने नव्या चित्रकलेची बाराखडी गिरवली, ती फार मोठ्या प्रमाणात याच दुर्लक्षित मेजासमोर बसून, हातात कोळशाची कांडी आणि रंगखडू घेऊन. ही बाराखडी कोठून आली आणि तिच्यातून काय उमलले, याचा इतिहास थोडा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे.

प्रथम नावाचाच विचार करू. हॉलंडमधील चित्रकारांनी सतराव्या शतकाच्या मध्यास या प्रकाराला ‘स्टिललेव्हन’, म्हणजे निश्चल जीवन, असे नाव दिले. इंग्रजांनी तेच उचलले. फ्रेंचांनी मात्र त्याला ‘मृत निसर्ग’ म्हटले. मराठीने ‘स्थिरचित्र’ हा शब्द रूढ केला. वस्तू मेलेली नाही, ती केवळ स्थिर आहे, हा या शब्दाचा भाव. महाराष्ट्रात हा शब्द कोणा विद्वानाच्या कोशापुरता राहिला नाही. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकलेच्या शासकीय परीक्षांमुळे ‘वस्तुचित्र’ आणि ‘स्थिरचित्र’ हे शब्द खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत पोहोचले. ज्याने पुढे आयुष्यात कधी कुंचला हातात धरला नाही, त्यालाही परीक्षेच्या दिवशी समोर ठेवलेली बादली आणि तिच्या तोंडाचा कधीच नीट न साधणारा लंबगोल आठवतो.

या शिक्षणाचे मूळ मुंबईत आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली तेथे कलाशाळा सुरू झाली. इंग्रज सरकारचा हेतू चित्रकार घडवण्याचा होता त्यापेक्षा कारागिरांचा हात आणि डोळा यांना शिस्त लावण्याचा अधिक होता. म्हणून घन, शंकू, दंडगोल आणि युरोपातील पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे विद्यार्थ्यांसमोर मांडले गेले. तथापि महाराष्ट्रीय हाताला या पद्धतीचा परिचय त्याही आधी झाला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखाली गंगाराम तांबट याने छायाप्रकाशाने वस्तूला उठाव देण्याची विद्या आत्मसात केली. वेरूळच्या लेण्यांची आणि पेशव्यांच्या गेंड्याची त्याने काढलेली चित्रे आजही उपलब्ध आहेत. डोळ्यांसमोर जे आहे ते मोजून, पारखून कागदावर उतरवायचे, हा त्या विद्येचा गाभा होता.

मग यापूर्वी आपल्याकडे वस्तू पाहिल्याच जात नव्हत्या काय? तसे मुळीच नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात ‘वर्तना’ या नावाने छायांकनाचे तीन प्रकार सांगितले आहेत. आग्र्याच्या इतिमादुद्दौलाच्या मकबऱ्यावर सुरया, फुलदाण्या, फळांनी भरलेली तबके यांच्या आकृती जागोजाग आढळतात. म्हणजे मेजावरच्या वस्तू मोगल कलावंताच्या परिचयाच्या होत्या. फरक आहे तो एवढाच, की त्या सुरईची छाया कोठेही पडत नाही. ती सुरई कोणत्याही एका घरातील, कोणत्याही एका वेळच्या उजेडातील नाही. ती सर्वकाळची सुरई आहे. युरोपीय स्थिरचित्राने आणले ते हेच नवे: एका विशिष्ट खिडकीतून, एका विशिष्ट घटकेला, एका विशिष्ट भांड्यावर पडलेला उजेड आणि त्या भांड्याची जमिनीवर लांबलेली पडछाया. दिल्लीत हा बदल एकोणिसाव्या शतकात दिसू लागतो. मझहर अली खान या चित्रकाराने टॉमस मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्यासाठी दिल्लीच्या इमारतींची चित्रे काढली. १८४४ सालच्या त्या चित्रसंग्रहात जुन्या कलमाची नजाकत आणि नव्या यथार्थदर्शनाची शिस्त एकत्र नांदताना दिसते.

आता साधनांकडे वळू. कोळसा हे साधन परदेशाहून आले, असे समजणे चुकीचे ठरेल. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात काजळ आणि शिजलेला भात एकत्र मळून त्याची कांडी वळण्याची कृती दिलेली आहे. तिला ‘वर्तिका’ म्हणत आणि चित्राची पहिली रेषा तिने काढत. मोगल आणि राजपूत चित्रशाळांतून चिंचेच्या काटक्यांचा कोळसा याच कामी येई. एखादी आकृती पुन्हा काढावयाची झाल्यास तिच्या रेषेवर बारीक छिद्रे पाडून, त्यांवर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटून तिचा ‘खाका’ नव्या कागदावर उठवीत. परंतु या साऱ्या व्यवहारात कोळशाची भूमिका सेवकाची होती. गेरूची किंवा शाईची पक्की रेषा आली, की कोळशाची रेषा झटकून टाकली जाई. यजमान पानावर बसले म्हणजे ज्याने स्वयंपाक केला तो पडद्याआड जावा, तसेच हे होते.

युरोपातही दीर्घकाळ हीच स्थिती होती, आणि तिचे कारण पदार्थाच्या स्वभावात आहे. विलो या झाडाच्या किंवा द्राक्षवेलीच्या काड्या हवाबंद भांड्यात तापवल्या, की त्या जळून राख न होता त्यांचा कोळसा होतो. या कोळशात चिकटपणा नावालाही नसतो. त्याचे कण कागदाच्या खरबरीत पृष्ठभागात नुसते अडकून राहतात आणि फुंकरेसरशी उडून जातात. पूर्वी तर पावाचा मऊ गर मळून त्यानेच ते टिपून घेत. रबराचा उपयोग पुढे अठराव्या शतकात कळला. कोळशाचे चित्र टिकवायचे तर त्यावर कसले तरी पातळ लुकण बसवणे भाग होते. एकोणिसाव्या शतकात मद्यार्कात विरघळवलेल्या लाखेचा फवारा या कामी सर्रास वापरला जाऊ लागला आणि मग कोळशाचे रेखाटन हे स्वतंत्र, पूर्ण चित्र म्हणून मानाने भिंतीवर चढले. या लाखेचा मोठा भाग हिंदुस्थानातून जात असे. छोटा नागपूरच्या रानांत कुसुम, पळस आणि बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी लाख तयार करतात, तिने पॅरिसच्या चित्रशाळांतील कोळशाच्या रेषा कागदावर धरून ठेवल्या.

रंगखडूची, म्हणजेच पेस्टलची, जातकुळी कोळशाशी मिळतीजुळती आहे. शुद्ध रंगाची पूड, थोडी खडूची किंवा जिप्समची भुकटी आणि ती कशीबशी एकत्र राहील एवढाच डिंक. हा डिंक बहुधा इराणकडचा कतिरा असतो. दिल्लीकर उन्हाळ्यात जो ‘गोंद कतीरा’ भिजवून सरबतात घालतात, त्याच्याच हा नात्यातला. तैलरंगात तेल असते, जलरंगात पाणी असते; रंगखडूत या दोहोंपैकी काहीच नसल्याने रंग ओला असताना एक आणि वाळल्यावर दुसरा, असा प्रकार घडत नाही. कागदावर जो ओढला तोच राहतो. स्थिरचित्रांचा श्रेष्ठ आचार्य मानला गेलेला फ्रेंच चित्रकार शार्दँ याचे उदाहरण येथे बोलके आहे. १७२८ साली अकादमीने त्याला प्रवेश दिला तो वस्तूंचा चितारी म्हणून, म्हणजे खालच्या पायरीवरचा मानकरी म्हणून. तांब्याची पातेली, पाण्याचा पेला, कांदे आणि अंडी यांतच त्याने आयुष्य घालवले. उतारवयात तैलरंगाने त्याच्या डोळ्यांना बाधा होऊ लागली, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या त्या वृद्धाने रंगखडू हाती घेतला आणि स्वतःच्या चेहऱ्याची जी चित्रे काढली, ती आज युरोपीय कलेचे भूषण मानली जातात.

हिंदुस्थानात रंगखडूला पहिला मोठा शिष्य लाभला तो अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या रूपाने. कलकत्त्याच्या कलाशाळेतील इटालियन शिक्षक ओलिंतो गिलार्दी यांच्याकडे त्यांनी पेस्टलचे धडे घेतले. दिल्लीशी त्यांचा संबंध मात्र वेगळ्याच प्रसंगाने आला. १९०३ च्या दरबारानिमित्त कुदसिया बागेत भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन भरले होते. अवनींद्रनाथांनी मृत्युशय्येवरील शहाजहानाचे जे चित्र काढले होते, त्याला या प्रदर्शनात रौप्यपदक मिळाले. येथूनच एका वादाला धार चढली. भारतीय विद्यार्थ्याने समोरची वस्तू हुबेहूब काढावी, की आपल्या परंपरेतील भाव आणि रेषा यांचा ध्यास घ्यावा? कलकत्त्याने दुसरा मार्ग धरला, मुंबईने पहिला. आणि या दोन्ही मार्गांची गाठ पडली ती दिल्लीत.

दिल्लीला तेव्हा स्वतःची अशी कलाशाळा नव्हती. अवनींद्रनाथांच्या परंपरेत वाढलेले शारदा उकील यांनी १९२६ साली येथे कलाविद्यालय काढले. दोनच वर्षांनी अखिल भारतीय ललित कला व हस्तकला संस्था स्थापन झाली. त्याच सुमारास नव्या राजधानीच्या सचिवालयाच्या भिंतींवर मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थी चित्रे रंगवीत होते. १९४२ साली दिल्ली पॉलिटेक्निकमध्ये कलाविभाग सुरू झाला. त्याचेच पुढे कला महाविद्यालय झाले. बंगालची धुवट, स्वप्नाळू रंगछटा आणि मुंबईची घोटीव, मोजूनमापून घेतलेली रेषा, अशा दोन विद्या अशा रीतीने एका शहरात शेजारी आल्या.

या शेजारातून काय घडले, याचा एक दाखला पुरेसा आहे. चाळीसच्या दशकात सेंट स्टीफन्स महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकणारा एक तरुण संध्याकाळी उकील विद्यालयातील वर्गाला जाऊ लागला. तेथे शैलोज मुखर्जी शिकवीत होते. त्यांनी त्या तरुणाला स्थिरचित्राची आणि प्रत्यक्ष समोर पाहून काढण्याची गोडी लावली. एम. ए. झाल्यावर त्याने बँकेत नोकरी धरली, पण १९४८ साली ती सोडून तो पुढे पॅरिसला गेला. हा तरुण म्हणजे रामकुमार. बनारसच्या घाटांची त्यांची चित्रे पुढे जगभर गेली. शैलोज मुखर्जींची चित्रे तर भारत सरकारने राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केली. या हकिकतीतील संध्याकाळचा वर्ग ही गोष्ट नजरेआड करू नये. दिल्ली हे कचेऱ्यांचे शहर. दिवसभर टिपणे आणि नस्त्या चाळणाऱ्या माणसाला सूर्यास्तानंतर सजीव प्रतिरूप, म्हणजे मॉडेल, परवडत नाही. निसर्गदृश्य अंधारात दिसत नाही. एक दिवा, एक मेज आणि चार वस्तू एवढे मात्र त्याला सहज जमते. स्थिरचित्र हा गरिबाचा आणि नोकरदाराचा विषय आहे, यातच त्याचे सामर्थ्य आहे.

पुढे फाळणी झाली. लाहोरमध्ये कलाशाळा चालवणारे भबेश सन्याल निर्वासित होऊन दिल्लीत आले. गोल मार्केटमधील त्यांची खोली कलावंतांचा अड्डा बनली. २५ मार्च १९४९ रोजी दिल्ली शिल्पी चक्राची स्थापना झाली. ‘कला जीवन उजळते’ हे त्याचे ब्रीद. सन्याल, धनराज भगत, कँवल कृष्ण आणि प्राणनाथ मागो यांच्या बरोबरीने त्याच्या संस्थापकांत एक नाव बेळगावकडचे होते: कृष्ण श्यामराव कुलकर्णी. १९१६ साली जन्मलेले कुलकर्णी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून पदविका घेऊन दिल्लीस आले, पॉलिटेक्निकमध्ये शिक्षक झाले, पुढे त्रिवेणी कला संगमच्या चित्रकला विभागाची धुरा त्यांनी वाहिली आणि काही काळ बनारस हिंदू विश्वविद्यालयातही अध्यापन केले. १९९४ साली त्यांचे निधन झाले. मुंबईची वस्तुनिष्ठ शिस्त घेऊन उत्तरेत गेलेल्या मराठी भागातील शिक्षकांत त्यांचे स्थान मोठे आहे. मात्र त्या शिस्तीत ते स्वतः अडकून पडले नाहीत. लोककलेतील ठसठशीत आकार आणि आधुनिक युरोपीय रचना यांचा मेळ घालणारी स्वतंत्र शैली त्यांनी घडवली. पाया भक्कम असला म्हणजे इमारत कोणत्याही घाटाची उभारता येते, हेच त्यातून दिसते.

असा वर्ग चालतो तरी कसा? प्रथम वस्तू निवडल्या जातात: एक चकचकीत, एक खरबरीत, एक मऊ. पितळी तांब्या, मातीची सुरई आणि कापड. उजेड एकाच बाजूने घेतात, कारण दोन बाजूंचा उजेड छायेला पोखरतो. विद्यार्थी हात ताठ करून, एक डोळा मिटून, कांडीवर अंगठा सरकवीत सुरईची उंची आणि तांब्याची रुंदी ताडून पाहतो. नंतर कोळशाने अगदी हलकी आखणी होते. मग डोळे किंचित मिटून तो बारकावे विसरतो आणि फक्त काळोख व उजेड यांचे मोठे खंड पाहतो. छायेचा खंड कोळशाच्या कुशीने भरून बोटाने किंवा कागदाच्या वळकटीने चोळला जातो. त्यातूनच पाच पायऱ्या उमटतात: उजेड, मध्यछटा, गडद छाया, मेजावरून परतलेला अंधूक उजेड आणि पडछाया. नवशिका हमखास विसरतो तो चौथी पायरी, म्हणजे परतलेला उजेड. आणि तोच नसेल तर सुरई गोल न वाटता कापून चिकटवल्यासारखी दिसते. तांब्यावरची चमक मात्र काढायची नसते. ती खोडरबराने कोळसा उचलून ‘उघडायची’ असते.

यानंतर लाखेचा फवारा मारून कोळसा बसवतात आणि रंगखडू हाती येतो. गडद रंग आधी, उजळ रंग शेवटी, असा क्रम असतो. उजेड उबदार असेल तर छाया थंड धरतात. म्हणून मातीच्या तांबूस सुरईच्या छायेत निळसर जांभळी झाक येते. रंग पाटीवर कालवायचे नसतात. एका रंगाच्या रेघांवर दुसऱ्या रंगाच्या रेघा टाकल्या, की त्यांची मिसळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होते. फार चोळले तर कागदाचे दात बुजतात आणि रंग मलूल होतो. येथे कोळसा आणि रंगखडू यांची कामे स्पष्ट होतात: कोळसा वस्तूला वजन देतो, रंगखडू तिला हवा देतो. आणि मानसोल्लासापासून सेवक राहिलेला कोळसा या चित्रात झटकला जात नाही. रंगाखालून तो जागोजाग डोकावत राहतो.

या साऱ्यावर जुना आक्षेप आहेच. ही नुसती नक्कल नव्हे काय? परक्यांनी कारागिरांना शिस्त लावण्यासाठी आणलेली ही कवायत स्वतंत्र देशाने का चालू ठेवावी? आक्षेपात तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. परीक्षेपुरते काढलेले वस्तुचित्र पुष्कळदा निर्जीवच असते. तेथे फ्रेंचांचा शब्द अक्षरशः खरा ठरतो. परंतु दिल्लीच्या अनुभवाने या आक्षेपाला एक उत्तरही दिले आहे. पॉलिटेक्निकमध्ये पन्नाशीच्या दशकात शिकलेले परमजीत सिंग यांनी आपल्या वाटचालीचा आरंभ स्थिरचित्रांनी केला. पुढे त्यांच्या वस्तू मेज सोडून मोकळ्या भूदृश्यात गेल्या आणि अखेर भूदृश्यच उरले. कोळसा आणि रंगखडू यांतही त्यांनी रानावनातील उजेड रेखाटला. त्याच संस्थेत शिकलेल्या अर्पिता सिंग यांच्या चित्रांत फुले, कपबश्या, मोटारी आणि बंदुका एकाच पटलावर येतात. घरातल्या वस्तूंतूनच त्यांनी घराबाहेरची हिंसा आणि भय सांगितले. मेजासमोर बसून शिकलेली दृष्टी मेजापुरती राहिली नाही.

१९५४ साली जयपूर हाऊसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय उघडले आणि त्याच वर्षी ललित कला अकादमीही स्थापन झाली. कागदावरच्या कोळशाला आणि रंगखडूला सरकारी छत्र मिळाले, हे बरेच झाले; कारण दिल्लीची हवा या दोन्ही साधनांची वैरीण आहे. ग्रीष्मातली धुळीची वादळे, पावसाळ्यातली दमट हवा आणि अलीकडच्या हिवाळ्यांतला दाट धुरका यांच्यापुढे नुसत्या भुकटीवर उभे असलेले चित्र किती काळ तग धरणार? म्हणून ते काचेआड ठेवावे लागते आणि काच व कागद यांच्यामध्ये थोडी पोकळी राखावी लागते, नाहीतर रंग काचेलाच चिकटून येतो.

राजधानीने अनेक राज्ये पाहिली आणि प्रत्येक राज्याने आपला सोहळा चित्रांतून नोंदवला. सोहळ्यांची ती चित्रे इतिहासाला उपयोगी आहेत, यात शंका नाही. परंतु ज्या दिवशी कोणत्याही राजाची आज्ञा नसताना, दिवसभराच्या नोकरीनंतर एखादा माणूस दिव्याखाली सुरई ठेवून तिच्या छायेचा खरा रंग कोणता याचा शोध घेऊ लागला, त्या दिवशी या शहरात काही नवे घडले. समोर आहे ते प्रामाणिकपणे पाहणे आणि जेवढे पाहिले तेवढेच मांडणे, हा चित्रकाराचा धडा असला तरी तो चित्रकारापुरता नाही. नागरिकालाही तो तितकाच आवश्यक आहे. आणि तो शिकवण्यासाठी एक मेज, एक दिवा आणि कोळशाची एक कांडी एवढे साहित्य पुरते.